बॉनेटखालची जागा

माझ्या थोरल्या बहिणीला, आक्काला, चंदगडाकडं दिली. दाजींचा काजूचा धंदा. घाटाखालच्या कोकणातल्या गावांतून कच्चा काजू गोळा करायचा, वर आणायचा, घरामागच्या शेडात भाजून फोडायचा आणि गर कोल्हापूरच्या व्यापाऱ्यांना घालायचा. त्यासाठी त्यांनी एक जुनी डिझेल गाडी घेतली होती. मागची सीट काढून तिथं पोती रचायचे. त्यांच्या बौद्ध वस्तीतली ती पहिली चारचाकी. बाळंतीण दवाखान्यात न्यायची असली, नवरा-नवरी आणायची असली, तरी तीच गाडी. एप्रिलात जयंतीच्या मिरवणुकीत फुलांनी मढवलेली तसबीर तिच्याच टपावर बसायची आणि दाजी पांढरा शर्ट घालून पायी चालल्यासारखी हळू गाडी चालवायचे.

गाडी दिसायला दणकट होती, पण तिच्यात दम नव्हता. पोती भरून घाट चढायची वेळ आली की दाजींचा धाकटा भाऊ खाली उतरायचा आणि हातात दगड घेऊन मागून चालत यायचा. गाडी मागं सरकली तर चाकाखाली दगड टाकायला. हे मला कळलं ते त्या धाकट्याच्या मुलाच्या बारशाला गेलो तेव्हा. नव्वदीचं दशक संपत आलं होतं. जेवणं झाली होती, अंगणात सतरंजीवर सगळे पाहुणे बसले होते आणि धाकटा तो दगडाचा किस्सा रंगवून सांगत होता. सगळे हसत होते. दाजीही हसत होते.

माझं कोल्हापुरात उद्यमनगरात गॅरेज होतं. पत्र्याची शेड, दोन गाड्या कशाबशा मावायच्या. पण चंदगडच्या अंगणात मी कोल्हापूरचा मिस्त्री होतो. टर्बो हा शब्द तेव्हा नवा होता, नव्या गाड्यांच्या पाठीवर ऐटीत लिहिलेला असायचा. मी सतरंजीवर पुढं सरकलो आणि सांगायला लागलो. इंजिनातून जो धूर वाया जातो त्याच्या जोरावर एक चाक फिरतं, त्याच दांड्यावर दुसरं चाक असतं, ते इंजिनात हवा कोंबतं, आणि तेवढ्याच इंजिनाला दीडपट ताकद येते. दाजींच्या गाडीला असा टर्बो बसवला तर दगडवाल्याला घरी बसवता येईल, असंही म्हणालो. त्यावर मोठा हशा झाला.

दाजींचे वडील भिंतीला टेकून बसले होते. मी त्यांना मामा म्हणायचो. ते हसले नव्हते. त्यांनी एवढंच विचारलं, "बसंल न्हवं?"

"बसंल की," मी म्हणालो. "पंधरा दिवसांत गाडी दारात आणून लावतो."

खरं तर तोवर मी टर्बो उघडला होता, साफ केला होता, पण जन्मानं टर्बो नसलेल्या इंजिनाला तो कधी बसवला नव्हता. दाजींनी काही मागितलंही नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली आणि मी त्यांची गाडी घेऊन कोल्हापूरला आलो.

भंगार बाजारात एका अपघातातल्या व्हॅनचा टर्बो मिळाला. चांगला होता, दांडा बोटानं फिरवला की सळसळ फिरायचा. माझ्या गॅरेजला लागून उचगावच्या एका वेल्डरचं दुकान होतं. त्याला बोलावलं. जुना मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनातला धूर गोळा करून सायलेन्सरकडं नेणारा ओतीव तुकडा, सोडवला. त्याच्या जागी जाड पाइपांचा नवा बनवला आणि त्याच्या तोंडाशी टर्बो धरून बघितला. स्टिअरिंगचा दांडा नेमका तिथूनच खाली जात होता. टर्बो त्याला टेकला. टेकला म्हणजे काय, त्याच्या जागेवर जाऊन बसला. दोघांतल्या एकालाच तिथं राहता आलं असतं.

वेल्डर म्हणाला, "वर घे की मग."

वर घेतला. पाइप वाकवून पुन्हा जोडले. टर्बो स्टिअरिंगवरून सुटला, पण बॉनेट लागेना. शेवटचं चार बोटं अंतर राहायचं आणि खण्ण असा आवाज यायचा. मग खाली घेतला. खाली जागा होती, बॉनेट सुरेख लागलं, गाडी सुरूही झाली. मी त्याच दुपारी चंदगडला फोन करून सांगितलं की काम झालं, दोन दिवसांत येतो. संध्याकाळपर्यंत गाडीनं उद्यमनगरची ती गल्ली निळ्या धुरानं भरून टाकली. टर्बोच्या दांड्याला तेल लागतं, आणि ते तेल वापरून झालं की आपल्या वजनानं उतरून इंजिनाच्या खालच्या चेंबरमध्ये परत जावं लागतं. मी टर्बो एवढा खाली नेला होता की तेलाला उतारच राहिला नव्हता. ते तुंबायचं आणि सायलेन्सरमधून जळून बाहेर पडायचं. समोरच्या लेथवाल्यानं तोंडाला रुमाल बांधला. मी इंजिन बंद केलं आणि चंदगडला पुन्हा फोन केला नाही.

पुढं सरकवायचा प्रयत्न केला, तर तिकडं बॅटरी आणि रेडिएटर. मागं तर गाडीचा पत्राच. प्रत्येक वेळी पाइप कापायचे, जोडायचे, पुन्हा कापायचे. मध्येच पोटापाण्याची कामं यायची. ती करणं भाग होतं, आणि दाजींची गाडी कोपऱ्यात ढकलली जायची. पंधरा दिवसांचा महिना झाला, महिन्याचे दोन झाले.

फोन शेजारच्या वर्कशॉपमध्ये होता. दाजी आठवड्यातून एकदा फोन करायचे. पहिल्यांदा मी पळत जायचो आणि नवीन अडचण सांगायचो. नंतर हळूहळू जायचो. नंतर वेल्डरला सांगायचो, इचलकरंजीला गेलोय म्हणून सांग. तो फोन घेऊन यायचा आणि दाजींचा निरोप सांगायचा. निरोप नेहमी तोच असायचा: पावण्यास्नी म्हणावं, सवडीनं होऊ द्या, घाई न्हाय. एकदा त्यानं हे सांगितलं आणि वर म्हणाला, "आता तूच जात जा फोनला. त्या माणसाशी खोटं बोलताना माझी जीभ अडकायला लागलीय."

काजूचा हंगाम मार्च ते मे. ते मला ठाऊक होतं.

आणि मग जयंती आली. आक्कानं दरवर्षीप्रमाणे बोलावलं होतं. मी ताप आल्याचं कळवलं. मिरवणूक कशी झाली ते नंतर बायकोकडून कळलं. तिचं माहेर तिकडंच. गाडी नव्हती म्हणून तसबीर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत ठेवावी लागली. वस्तीत कुणाकडं ट्रॅक्टर नव्हता, म्हणून गावातल्या एका बड्या शेतकऱ्याच्या दारात जाऊन मागावा लागला. मागायला मामा स्वतः गेले होते. सगळं आयुष्य त्या माणसानं गावात कुणाच्या दारात काही मागायला जायचं नाही असं ठरवून काढलं होतं. शेतकऱ्यानं ट्रॅक्टर दिला, चांगल्या मनानं दिला. पण द्यायच्या आधी विचारलं, तुमची गाडी कुठाय यंदा? मामांनी सांगितलं, सुनेचा भाऊ कोल्हापूरला मोठा मिस्त्री हाय, त्याच्याकडं मोठ्या कामाला दिलीय.

बायकोनं हे भाकरी थापता थापता सांगितलं. माझ्याकडं न बघता सांगितलं, हे तिचे उपकारच झाले.

मे महिन्यात एका दुपारी मी एसटी स्टँडवर गेलो होतो. बेळगावहून पाइपांच्या जोडात घालायचं गॅस्केट मागवलं होतं, ते पार्सलनं आलं होतं. पावती फाडून घेत होतो तेवढ्यात चंदगड गाडी लागली. माणसं उतरली आणि टपावरून कंडक्टरनं पोती खाली सोडायला सुरुवात केली. खाली हात वर करून दाजी उभे होते. एक पोतं त्यांनी खांद्यावर घेतलं, दुसरं काखेत. मागून आक्का उतरली. तिच्या कमरेवर डबा होता आणि डोक्यावर तिसरं पोतं. पदर घामानं भिजून कपाळाला चिकटला होता. स्टँडच्या बाहेरच्या रिक्षांकडं ती दोघं चालायला लागली. मधे थांबली. आक्कानं पोतं सावरलं. दाजी तिला काहीतरी म्हणाले, तिनं मान हलवली, आणि दोघं पुन्हा चालायला लागली.

मी पार्सल खिडकीच्या कडेच्या खांबामागं सरकलो. विचार करून नाही सरकलो. पायच सरकले. हातात गॅस्केटचा पुठ्ठा होता, तो छातीशी धरला होता. पळत जाऊन तिच्या डोक्यावरचं पोतं घेता आलं असतं. माझ्या स्कूटरवर दोन पोती सहज गेली असती. मी खांबामागं उभा राहिलो ते रिक्षा निघून जाईपर्यंत.

संध्याकाळी घरी गेलो तर बायको म्हणाली, आक्का येऊन गेल्या. तांदूळ ठेवून गेल्या. मी विचारलं, गाडीचं काही म्हणाली का? तर नाही. लेकरांना जवळ घेतलं, चहा घेतला, नवीन पडदे बघितले आणि गेली. त्या रात्री त्याच तांदळाचा भात होता. चंदगडचा तांदूळ, शिजताना घरभर वास सुटला होता. लेकरं आवडीनं जेवली. मी भात तसाच ठेवला. बायकोनं ताट बघितलं आणि उचललं.

दुसऱ्या दिवशी मी बाकीच्या गाड्यांच्या मालकांना सांगून टाकलं की आठवडाभर येऊ नका. दाजींची गाडी मधे घेतली. टर्बो काढून टेबलावर ठेवला आणि त्याच्याकडं नुसता बघत बसलो. आजवर मी त्याला एक अखंड धोंडा समजून इकडून तिकडं सरकवत होतो. पण तो तीन तुकड्यांचा होता. धुराचा शंख, हवेचा शंख, आणि मधे दांड्याचा गड्डा. शंख गड्ड्याला गोल पट्ट्यांनी आवळलेले होते. मधला गड्डा तेलासाठी सरळ उभाच राहायला हवा, पण शंखांची तोंडं त्याच्याभोवती कुठंही वळवता येतील. बोल्ट गंजले होते. डिझेलमध्ये भिजवले, हळूहळू ठोकले. दुपारनंतर हवेचा शंख कुरकुरत हलला आणि माझ्या हातात अर्धा वेढा फिरला.

तिथून पुढं काम सरळ होत गेलं. बॅटरी काढून डिकीत नेली. तिच्या रिकाम्या जागेत टर्बो पुढं बसवला. आधी रेडिएटरला धडकणारं हवेचं तोंड आता वर आणि आत वळलं. पुढची जागा उंच होती, त्यामुळं तेलाला चांगला उतार मिळाला. स्टिअरिंगचा दांडा मोकळा झाला. वेल्डरनं मॅनिफोल्ड पुन्हा बनवला, या वेळी माप घेऊन, आधी पुठ्ठ्याचा करून मग लोखंडाचा. राहिलं बॉनेट. उभ्या गाडीवर ते लागत होतं, मधे फटही दिसत होती. पण गाडी जोरात पळवली की आतून टकटक यायची. मी कुंभारवाड्यातून शाडूची माती आणली, तिचा गोळा टर्बोच्या डोक्यावर ठेवला, बॉनेट लावलं आणि गाडी पळवून आणली. उघडून बघितलं तर गोळ्याची पार चपाती झाली होती. जोर लागला की इंजिन ते ज्या रबरांवर बसवलेलं असतं त्यांच्यावर उचललं जात होतं आणि टर्बो त्याच्याबरोबर वर येत होता. रबरं जुनी, मऊ पडलेली. ती बदलली. बॉनेटच्या आतली पट्टी तेवढ्यापुरती कापली आणि पत्र्याला आतून हातोडीनं फुगवटा काढला. पुन्हा माती ठेवून पळवली. या वेळी गोळा बोटाएवढा जाड राहिला.

वेल्डर गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाला, "आठवड्यात झालं बघ. चार महिने काय करत हुतास?"

मी हात पुसले आणि किल्ली उचलली.

गाडी चंदगडला नेली. तोवर हंगाम संपत आला होता. वस्तीतली माणसं जमली, बॉनेट उघडून बघितलं, फुगवट्यावरून हात फिरवला. मामांनी मला पाटावर बसवलं आणि टॉवेल-टोपी दिली. बारशाच्या अंगणात जे होते तेच सगळे तिथं होते. कुणीतरी टाळी वाजवली. टोपी डोक्यावर ठेवताना मामांचा हात माझ्या कपाळाला लागला. मी मान खाली घातली, ती बराच वेळ वर केलीच नाही. सगळ्यांना वाटलं मी नम्र आहे.

पण तेवढ्यानं माझी सुटका नव्हती. आठ-दहा दिवसांनी फोन आला. मी धावत गेलो. दाजी म्हणाले, "पावणं, गाडी झ्याक चढतीया. ब्रेक तेवढा मऊ लागतोय. सवडीनं या."

मी लगेचच्या एसटीनं निघालो. तिथं पोचल्यावर आक्काकडून खरं कळलं. पोती भरून गाडी घाट एका दमात चढली होती. माथ्यावरून पलीकडच्या उतारावर दाजींनी ब्रेकवर पाय ठेवला, तर पायडल थेट तळाला गेलं. हँडब्रेक ओढत, गिअर पाडत त्यांनी गाडी कडेच्या जांभ्या दगडाच्या बांधावर घासत थांबवली. गाडीत दाजी होते आणि माझी भाची होती. धाकटीला हौस म्हणून बरोबर नेलं होतं.

मी शेडात जाऊन गाडीखाली शिरलो. सायलेन्सरचा नवा पाइप टर्बोपासून मागं नेताना मी तो ब्रेकच्या नळीशेजारून नेला होता. चिकटला नव्हता, मधे अंगठा जाईल एवढी जागा होती. चिकटत नाही ना, एवढंच मी बघितलं होतं. घाट चढताना तो पाइप लाल होईल आणि शेजारच्या नळीतलं ब्रेक ऑइल उकळून त्याची वाफ होईल आणि पायडल पोकळ पडेल, हे मी बघितलं नव्हतं. बॉनेटवर माती ठेवून गोळे मोजत बसलो, आणि माणसांचा जीव ज्या नळीत होता ती तशीच सोडली. मी गाडीखाली पाठीवर पडून राहिलो. वरती भाची खिडकीतून हात काढून कोंबड्यांना शुक् शुक् करत होती.

ब्रेकची नळी सोडवली, लांबून वळसा घालून पलीकडच्या बाजूनं नेली. तरी मन मानेना. काजू भाजायच्या शेडातला पत्रा कापून त्याचे दोन पडदे केले, मधे हवा खेळेल अशी जागा ठेवून पाइपाच्या बाजूला लावले. ऑइल सगळं नवीन भरलं. मग दाजींना म्हटलं, आता पोती भरूया आणि मी एकटाच घाट उतरून चढून येतो. दाजी शेजारच्या सीटवर येऊन बसले. उतरा म्हटलं तरी उतरले नाहीत.

खाली गेलो, तसेच वर आलो. गाडी खरंच झ्याक चढली. माथ्यावर थांबवली, ब्रेक दाबून बघितला. घट्ट होता. उतारावर पुन्हा, पुन्हा दाबला. दर वेळी घट्ट. मी इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर हात ठेवून बसलो. मी म्हणालो, "दाजी, माझ्या हातनं पोर गेली असती."

ते म्हणाले, "न्हाय गेली न्हवं."

मग त्यांनी तंबाखू मळायला घेतली, आणि मळता मळता अगदी साध्या आवाजात सांगितलं, "त्या दिवशी स्टँडवर तुमी दिसलासा. खांबाजवळ. तुमची आक्का हाक मारणार हुती. मी म्हटलं, नको. आत्ता हाक मारली तर त्यास्नी जड जाईल."

मला वाटलं होतं तिनं मला बघितलं नव्हतं. बघितलं होतं. डोक्यावर पोतं घेऊन ती मधे थांबली, दाजी काहीतरी म्हणाले आणि तिनं मान हलवली, ते यासाठी. त्यानंतर ती माझ्या घरी गेली, तांदूळ ठेवले, लेकरांना जवळ घेतलं आणि पडदे छान आहेत म्हणाली.

मी माफी मागायला तोंड उघडलं. दाजी म्हणाले, "चला, गाडी थंड झाली आसंल. तुमची आक्का जेवायची थांबली आसंल." तेवढ्यावर त्यांनी विषय मिटवला, आणि नंतर कधी काढला नाही.

घरी आक्कानं ताट वाढलं. ती समोर बसून वारा घालत होती आणि भाचीच्या शाळेचं सांगत होती. मला तिच्याकडं बघवत नव्हतं. मधेच ती थांबली आणि म्हणाली, "भात घे की. असा का बसलास?" मी भात घेतला.

गाडी पुढं बरीच वर्षं चालली. जयंतीला तसबीर पुन्हा तिच्या टपावर बसली. ब्रेकची तक्रार परत कधी आली नाही. मी मात्र प्रत्येक पावसाळ्याआधी चंदगडला जाऊन गाडीखाली शिरून ती नळी हातानं चाचपून यायचो. बोलावलेलं नसायचं, तरी जायचो. नंतर दाजींनी मोठा टेम्पो घेतला आणि ती गाडी विकली.

मामा आता नाहीत. दाजी थकले आहेत, पण लग्नाकार्यात भेटतात. दोन हजार सालानंतरची पोरं टर्बोच्या गाड्यांतच जन्मली, त्यांना त्याचं काही वाटत नाही. तरी पंगतीत गाड्यांचा विषय निघाला की दाजी हमखास माझ्याकडं बोट करून सांगतात, "चंदगड तालुक्यातला पयला टर्बो आमच्या पावण्यानं बसवला." आणि चारचौघं माझ्याकडं कौतुकानं बघतात. आक्का शेजारच्या पंगतीत असते. ती ऐकते, हसते आणि वाढप्याला हाक मारून म्हणते, माझ्या भावाला जिलबी वाढा. मी ताटाकडं बघत राहतो.